भिंतीबाहेरच्या शाळा आणि आपल्या मुली

स्मरणिकेसाठी वाढत्या वयातील मुलींच्या आरोग्यावर चार पाने द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हटले की, औषधपाण्याचे आणि आहाराचे मी लिहिणार नाही. त्यासाठी आपल्यात डॉक्टरीणबाई आहेत. मला आवड इतिहासाची. तेव्हा लिहीन तर इतिहासच लिहीन. बाईंनी हसून होकार दिला. म्हणून भगिनींनो, पुढील मजकुरात पालेभाजी किती खावी हे सापडणार नाही. मुलांना चार भिंतींतून उचलून झाडाखाली, माळावर, वनात नेऊन शिकविण्याची कल्पना कोणाला सुचली, ती का सुचली, आणि तिचा लाभ मुलींच्या पदरात कितपत पडला, एवढेच सांगावयाचे आहे.

झाडाखालची शाळा म्हणजे काही नवलाची गोष्ट नव्हे, आपल्याकडे गुरुकुले होतीच, असे कोणी म्हणेल. ते खरेच. पण गुरुकुलात झाड होते ते सोयीचे म्हणून. उघडी हवा हेच औषध समजून, मोजूनमापून, वजनकाट्यावर मुले उभी करून जी शाळा काढण्यात आली, ती पहिली शाळा जर्मनीतील. तिच्यामागे प्रेरणा होती ती क्षयाच्या भीतीची.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये दाखवून दिले. रोगाचे कारण कळले, पण त्यावर औषध सापडावयास पुढे साठ वर्षे गेली. त्या मधल्या साठ वर्षांत डॉक्टरांच्या हाती काय होते? मोकळी हवा, ऊन, दूध आणि विश्रांती. आपल्या मिरजेजवळील वानलेसवाडीचे आरोग्यधाम ज्यांनी ऐकून माहीत आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. श्रीमंतांची माणसे डोंगरावरच्या आरोग्यधामात जात. गिरणीत आणि कारखान्यात राबणाऱ्यांची मुले कोंदट चाळींत खोकत पडत आणि तशीच खोकत शाळेत येत.

बर्लिनला लागून शार्लोटेनबुर्ग नावाचे त्या वेळी स्वतंत्र असलेले शहर होते. १९२० साली ते बर्लिनमध्ये विलीन झाले. तेथील डॉ. बेंडिक्स हे मुलांचे डॉक्टर आणि नॉयफर्ट हे शाळांवरचे अधिकारी. ह्या दोघांच्या ध्यानात आले की, वर्गात काही मुले अशी असतात की, ती धड आजारी नसतात आणि धड बरीही नसतात. पांढुरकी, गळ्याशी गाठी आलेली, चार पायऱ्या चढताच धापा टाकणारी. त्यांना रुग्णालयात घालावे तर अभ्यास बुडतो, शाळेत ठेवावे तर प्रकृती बिघडते. मग शाळाच अशा जागी न्यावी की जेथे प्रकृतीही सुधारेल आणि अभ्यासही बुडणार नाही, असा विचार करून १ ऑगस्ट १९०४ रोजी ग्रूनेवाल्डच्या पाइन वृक्षांच्या रानात त्यांनी शाळा उघडली. तिचे नाव 'वाल्डशूले', म्हणजे सरळ मराठीत वनशाळा. पहिल्या खेपेस शंभराच्या आसपास मुले होती आणि ऑक्टोबरअखेर तीन महिनेच ती चालली. मुलगे आणि मुली एकत्र होते, हेही त्या काळी थोडे धाडसाचेच.

ह्या शाळेचा दिनक्रम वाचताना कोणाही आईला हेवा वाटेल. सकाळी मुले ट्रॅमने येत. आल्याबरोबर गरम सूप आणि भाकरी. मग अर्ध्या तासाचा एक धडा आणि लगेच सुटी. पुन्हा अर्धा तास, पुन्हा सुटी. सारे मिळून दिवसाचे शिकविणे दोन-अडीच तासांचे. वर्ग लहान, वीस-पंचवीस मुलांचा. दुपारच्या जेवणानंतर दोन तास प्रत्येकाने आपापल्या आरामखुर्चीवर, घोंगडी पांघरून, झाडाखाली पडून राहावयाचे. बोलावयाचे नाही. त्यानंतर खेळ, बागेतील काम, रानातून भटकंती. दिवसातून पाच वेळा खाणे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी स्नान. पावसासाठी उघड्या बाजूंच्या पडव्या होत्या, पण सर पडली म्हणून मुलांना घरी पाठवीत नसत. जेवणाखाण्याची व्यवस्था गावातील एका स्त्रीसंघाने अंगावर घेतली होती. आपल्यासारख्याच बायका त्या. इतिहासात बेंडिक्स आणि नॉयफर्ट ह्यांची नावे राहिली, पण रोज शंभर पोरांना पाच वेळा वाढणाऱ्यांपैकी एकीचेही नाव माझ्या वाचनात आलेले नाही.

फळ काय मिळाले? मुलांची वजने वाढली, रक्त सुधारले, भूक लागू लागली, झोप लागू लागली. आणि शिक्षकांना नवल वाटले ते निराळेच. निम्म्याहून कमी वेळ शिकूनही ही मुले परत गेल्यावर आपल्या वर्गाच्या मागे पडली नाहीत. कित्येक मुले, जी शाळेत मठ्ठ म्हणून शेवटच्या बाकावर बसविलेली, ती रानात बोलकी झाली.

येथे माझे एक मत सांगते. ह्या सुधारणेचे सारे श्रेय हवेला देण्याची तेव्हा चाल पडली. पण पाच वेळा पोटभर अन्न, दोन तास सक्तीची विश्रांती, स्नान, लहान वर्ग आणि डॉक्टरची नजर एवढे एकदम मिळाल्यावर कोणते मूल सुधारणार नाही? त्यांतले हवेचे किती आणि दुधाचे किती हे त्या काळच्या लोकांनी वेगळे काढून पाहिले नाही. शिवाय हिवाळा आला की मुले पुन्हा त्याच कोंदट खोल्यांत जात. तरीही मुलांचे शरीर हा शाळेच्या विचारातला विषय आहे, बाकावर बसून केवळ डोके वाढत नाही, हे त्या शाळेने पटवून दिले. १९१० साली शार्लोटेनबुर्गलाच मोठ्या मुलांसाठी, म्हणजे माध्यमिक शिक्षण घेणाऱ्यांसाठीही वनशाळा निघाली.

वार्ता झपाट्याने पसरली. १९०७ साली लंडनच्या नगरपरिषदेने बोस्टल वुड येथे तशीच शाळा काढली. जागा दिली ती कामगारांच्या एका सहकारी संस्थेने. अमेरिकेत ऱ्होड आयलंड संस्थानातील प्रॉव्हिडन्स ह्या शहरी जानेवारी १९०८ मध्ये पहिली उघड्या हवेची शाळा सुरू झाली, ती डॉ. एलन स्टोन आणि डॉ. मेरी पॅकार्ड ह्या दोन स्त्री-डॉक्टरांच्या खटपटीने. जानेवारीत तेथे बर्फ असते! खोलीच्या खिडक्या सताड उघड्या टाकून, मुलांना गळ्यापर्यंत येणाऱ्या जाड पिशव्यांत बसवून आणि पायाशी तापविलेले दगड ठेवून त्या शाळेत शिकवीत. आपल्याकडे मूल शिंकले तरी आपण खिडकी लावून घेतो.

पण ह्या सगळ्या हकीगतीत माझे मन ज्यांच्यापाशी रेंगाळते त्या लंडनच्या मॅकमिलन भगिनी, रेचेल आणि मार्गारेट. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

दोघी जन्मल्या अमेरिकेत, स्कॉटिश आईबापांच्या पोटी. रेचेल १८५९ साली आणि मार्गारेट १८६० साली. वडील लवकर वारले आणि आई मुलींना घेऊन स्कॉटलंडला माहेरी परतली. पुढे मार्गारेट १८९४ साली ब्रॅडफर्ड ह्या गिरणगावाच्या शाळामंडळावर निवडून आल्या. तेथे त्यांनी पाहिले की, गिरणीत अर्धा दिवस काम करून मुले शाळेत येऊन झोपतात. अंगावर मळाची पुटे, डोक्यात उवा, कानातून पू. अशांना व्याकरण काय शिकवावयाचे? तेव्हा त्यांनी शाळांत स्नानगृहे व्हावीत, डॉक्टरने मुले तपासावीत, म्हणून रान उठविले. रेचेल आरोग्यनिरीक्षकाचे शिक्षण घेऊन केंट परगण्यात खेडोपाडी आरोग्य शिकवीत हिंडत आणि स्वतःच्या पगारातून धाकटीचा संसार चालवीत. संसार म्हणजे तो चळवळीचाच.

१९०८ साली दोघींनी लंडनच्या पूर्व भागात शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला. पैसा दिला जोसेफ फेल्स ह्या अमेरिकन साबणवाल्याने, हे मला फार गमतीचे वाटते. १९१० साली दवाखाना डेप्टफर्ड ह्या गरीब वस्तीत आला. मुले येत, औषध लावून बरी होऊन जात आणि तेच गजकर्ण, तेच डोळे, तेच कान घेऊन महिन्याभरात परत येत. दवाखान्यात बरे करावयाचे आणि घरी गेले की पुन्हा बिघडावयाचे, हे चक्र किती दिवस चालविणार?

मग १९११ साली त्यांनी काय केले, तर दवाखान्याजवळच्या एका घराच्या बागेत मुलींसाठी रात्रीची छावणी उघडली. सहा ते चौदा वर्षांच्या त्या वस्तीतल्या मुली संध्याकाळी येत. आधी गरम पाण्याने स्वच्छ अंघोळ. मग जेवण. मग बागेत ओळीने मांडलेल्या कापडी खाटांवर, उघड्या आकाशाखाली झोप. सकाळी पुन्हा हातपाय-तोंड धुणे, न्याहारी, आणि मग आपापल्या शाळेत. एका खोलीत सातआठ माणसे झोपत त्या वस्तीतली ही मुलगी, तिला स्वतःची एक खाट, एक टॉवेल आणि रात्रभर वारा मिळाला. थोड्याच आठवड्यांत त्या मुलींची कातडी बरी झाली, अंगावर मांस चढले, चालण्यात ताठपणा आला. पुढे मुलग्यांसाठीही अशीच छावणी निघाली. दिवसाची छावणीशाळाही निघाली. परंतु आरंभ मुलींपासून झाला, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. एरवी नेहमी उलटे होते.

ह्यातूनच एक गाठ उकलली. मोठ्या मुली येत, पण पुष्कळशा येऊ शकत नसत. का? तर कडेवर भावंड! आई कामावर, घरात दहा वर्षांची ताई आणि तिच्या कडेवर वर्षाचे मूल. ताईला मोकळे करावयाचे तर बाळाची सोय आधी केली पाहिजे. १९१४ साली नगरपरिषदेने वर्षाला एक शिलिंग भाड्याने, आणि मागितली की एका दिवसाच्या सूचनेने परत करावयाची अशा अटीवर, एक पडीक जागा दिली. तेथे बाळांची छावणी उभी राहिली. जगभर गाजलेली उघड्या हवेची बालशाळा ती हीच. महायुद्धाच्या धामधुमीत २५ मार्च १९१७ रोजी रेचेल वारल्या. मार्गारेट ह्यांनी त्या शाळेला बहिणीचे नाव दिले आणि १९३१ साली स्वतः डोळे मिटेपर्यंत ती चालविली.

युरोपात ही चळवळ पुढे तीस वर्षे फोफावली. १९२२ साली पॅरिसला उघड्या हवेच्या शाळांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अॅमस्टरडॅम शहरात यान डाउकर ह्या वास्तुकाराने १९३० साली जवळजवळ भिंतीच नसलेली, गच्च्यांवर वर्ग भरणारी शाळा बांधली. पॅरिसजवळील स्यूरेन येथे १९३५ साली बांधून झालेल्या शाळेच्या वर्गांच्या काचेच्या भिंती घडी घालून बाजूस सरकविता येत. मग स्ट्रेप्टोमायसिन आले, बीसीजीची लस पसरली, घरे सुधारली. क्षयाची धास्ती ओसरली. धास्ती ओसरल्याबरोबर शाळाही ओस पडल्या. मुलांच्या वाढत्या शरीराला मोकळी जागा हवी ही गोष्ट क्षयाबरोबर संपत नव्हती, पण ती पटवून द्यावयास आता भीती उरली नाही. माणसाचा स्वभावच असा आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे शाळा गावाबाहेर गेली ती प्लेगमुळे. महर्षी कर्वे ह्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ सालचा. पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा आश्रम शहराबाहेर हलवावा लागला आणि १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत तो जाऊन राहिला. आज तो भाग भरवस्तीत, कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. तेव्हा तेथे शेते, दगड आणि विंचू. अण्णासाहेब महाविद्यालयातले शिकविणे संपवून पायी तेथे जात. आश्रमातल्या केशवपन झालेल्या विधवा मुली, ज्यांना वाड्याच्या माजघराबाहेर पाऊल टाकावयाची चोरी होती, त्या माळावरच्या वाऱ्यात हिंडूफिरू लागल्या. व्यायाम म्हणून ते कोणी ठरविलेले नव्हते. पण त्या मुलींच्या आयुष्यात सूर्य असा पहिल्यांदाच आला असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०१ मध्ये, रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनास पाच विद्यार्थी घेऊन शाळा मांडली. स्वतः रवींद्रनाथ लहानपणी शाळेच्या भिंतींना विटून शाळा सोडून दिलेले. त्यामुळे त्यांच्या शाळेचे वर्ग झाडांखाली भरू लागले आणि ते तसेच चालू राहिले. झाडाखालच्या त्या वर्गांची चित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. त्याहून कमी ठाऊक असलेली हकीगत अशी की, १९२९ साली त्यांनी ताकागाकी नावाचे ज्युदोचे गुरू जपानहून आणविले आणि मुलग्यांबरोबर मुलींनाही ते शिकविले. बंगालातील भद्रलोकांच्या मुली १९२९ साली एकमेकींना आपटत होत्या! आमच्या पिढीला तर दोरीवरच्या उड्यासुद्धा शेजाऱ्यांची नजर चुकवून माराव्या लागल्या.

आणि आता कोसबाड. इंग्रजांच्या आणि जर्मनांच्या गोष्टी सांगितल्या त्या ह्या गोष्टीपर्यंत यावयासाठीच, असे म्हटले तरी चालेल.

ताराबाई मोडक ह्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, १९३६ साली दादरला शिशुविहार काढला. शहरी, सुखवस्तू मुलांसाठी तेवढे पुरे झाले असते. परंतु त्यांना खेड्यातील मुलाला परवडेल अशी बालशाळा करून पाहावयाची होती. म्हणून १९४५ च्या डिसेंबरात त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीला गेल्या. त्यांच्या हाताशी आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या शिकल्या, पुण्यास हुजूरपागेत शिक्षिका झाल्या आणि ती स्थिर नोकरी सोडून ताराबाईंच्या मागे बोर्डीच्या हरिजनवाड्यात, कोळीवाड्यात शिरल्या.

मॅकमिलन भगिनींनी डेप्टफर्डला केले तेच, त्यांचे अनुकरण करावे असे मनात नसताना, ह्या दोघींना करावे लागले. मुले बोलावून आणावयाची, आधी अंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखे कापावयाची, खरूज झालेली असेल तर औषध लावावयाचे, मग शिकवावयाचे. महागडी माँटेसरी साधने परवडणार कशी? तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. गणित मोजावयास चिंचोके. मुले बालवाडीत येईनात तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेऊन भरविली. त्या अंगणातल्या बालवाडीला अंगणवाडी म्हटले. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची जी बालविकास योजना देशभर चालू झाली, तिच्यातील अंगणवाडी हा शब्द घराघरांत गेला, पण त्यामागचे बोर्डीचे शेणाने सारवलेले अंगण पुष्कळांना ठाऊक नाही.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथे अडचण पुन्हा तीच, ताईच्या कडेवरचे भावंड! ताराबाईंनी त्यावर 'विकासवाडी' योजली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकट्याला पाळण्यात घालावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि ताईने शाळेत बसावे. लंडनच्या दलदलीच्या कडेला आणि डहाणूच्या टेकडीवर, चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने, बायकांना एकाच कुलपाला एकच किल्ली सापडली. मला वाटते ती पुरुषांना सापडली नसती, कारण कडेवर मूल घेऊन दिवस काढला म्हणजे काय होते हे ठाऊक असावे लागते.

पण ह्याहीपुढे एक अडचण होती. थोडी मोठी झालेली मुले गुरे राखावयास जात. त्यांना शाळेत बसवावे तर गुरे कोण बघणार? घरचे लोक म्हणत, शाळा पोटाला घालते काय? तेव्हा गुरांच्या मागे शाळा गेली. कुरणात गुरे चरताहेत, मुले त्यांच्यावर नजर ठेवून आहेत, आणि तेथेच शिक्षक बसून शिकवीत आहेत. तिचे नाव कुरणशाळा. जर्मनांनी रोगट मुले रानात नेली. ही मुले मुळातच रानातली होती, त्यांच्यापाशी अक्षर नेले. ह्या मुलांच्या पायांत बळ होते, झाडावर चढणे, ओढा पोहून जाणे त्यांना शिकवावे लागत नव्हते. त्यांना बंद खोलीत कोंडून ते बळ घालवावयाचे नाही आणि तरी शिकवावयाचे, ही ह्या कल्पनेतली खरी चतुराई. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. अनुताई १९९२ साली वारल्या.

इतिहास येथवर सांगितला. मात्र एवढ्याने आपल्या मुलींचे काय, हा प्रश्न सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास तरी दम लागेल असे हालले पाहिजे. त्या संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१६ पर्यंतची जगभरची माहिती गोळा करून २०१९ साली प्रसिद्ध केली. ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी शेकडा ८१ एवढेही हालत नाहीत. मुलगे शेकडा ७८, मुली शेकडा ८५.

डोळ्यांचेही आता मोजून पाहिले आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरी बारा शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी शेकडा ३० मुलांना लांबचे कमी दिसू लागले होते. ज्यांना तो तास नव्हता त्यांच्यात शेकडा ३९-४० मुलांना. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी दुसरीतल्या मुलाला चष्मा लागला आहे त्यांनी सुमारे नऊ आकड्यांचा हा फरक जरा घरी जाऊन सांगावा.

डेन्मार्कात कितीतरी शाळांचे शिक्षक आठवड्यातून एक-दोन वेळा नेहमीचेच विषय, गणित, भाषा, इतिहास, बाहेर नेऊन शिकवितात. तेथे मुलांच्या अंगाला हालचाल मोजण्याचे यंत्र लावून मोठी पाहणी झाली. तिच्यात मुलग्यांची धावपळ चांगलीच वाढलेली आढळली. मुलींमध्ये मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. हे वाचून मी थबकले. म्हणजे वर्ग उचलून बाहेर नेला तरी मुली तेथेही कडेला उभ्या राहतात! डेन्मार्कासारख्या देशात ही गत, तर आपल्याकडचे काय सांगावे. आपल्या जुन्या बायकांनी निदान मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, पिंगा, बसफुगडी घालून घाम गाळला, नागपंचमीला झोके घेतले, हादग्याला फेर धरला. सासुरवाशिणीला वर्षातून तेवढीच मोकळीक असे, पण त्या खेळांत तेवढे बघे नव्हते, हे विसरू नये. बायकाच खेळत आणि बायकाच बघत. मला वाटते ह्यात एक इंगित आहे. मुलींना केवळ मोकळी जागा देऊन भागत नाही. ती जागा काही वेळ तरी त्यांची हवी.

आपल्या मंडळामागे पटांगण आहे. सकाळी तेथे बालवाडी भरते, उन्हाळ्यात दुपारी पापड-कुरडया वाळतात, संध्याकाळी मुलगे क्रिकेट खेळतात. आठवीच्या पुढच्या मुली तेथे दिसतात त्या हळदीकुंकवाच्या दिवशी, वाण वाटताना. मी आपल्या वाडीतल्या अकरा मुलींना एकेकटीला विचारले की, तू खेळावयास का येत नाहीस. एकीनेही अभ्यासाचे कारण पुढे केले नाही. मागच्या न्हाणीघराला आतून कडी नाही, कोपऱ्यातला दिवा लागत नाही, मुलगे खेळ थांबवून बघत राहतात, पाळीच्या दिवसांत जावयाला जागा नाही, आणि पाच वाजता आई हाक मारते की धाकट्याला सांभाळ. ही त्यांची उत्तरे. शेवटचे उत्तर सात जणींनी दिले.

तेव्हा कार्यकारिणीपुढे मी एक अर्ज ठेवला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सात पटांगण बारा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी राखावे. मुलग्यांना उरलेले पाच दिवस आहेतच. कडी आणि दिवा ह्यांचा खर्च मी विचारून आले आहे. गेल्या वर्षीच्या सहलीतून उरलेल्या रकमेत तो बसतो. धाकट्या भावंडांसाठी त्याच वेळी बालवाडीची खोली उघडी ठेवावी. तेथे बसावयास प्रत्येक वारी दोघी आणि पटांगणाच्या कडेला दोघी, अशा आठवड्याला आठ जणी लागतील. विणकाम घेऊन बसले तरी चालेल. चार नावे आली आहेत, त्यांत एक माझे. उरलेल्या चौघींनी गुढीपाडव्याच्या आत चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. वही त्यांच्या टेबलावरच आहे.